सिंधमधून आलात आणि जळगावात राहायचं ठरवताय? पहिल्या दिवसापासून काय करायचं

हा लेख ज्यांच्यासाठी लिहितोय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो वाचता येणार नाही. सिंधमध्ये शाळा शिकलेल्या माणसाला सिंधी येते ती अरबी वळणाच्या लिपीत. उर्दू येते, थोडंफार इंग्रजी येतं. देवनागरी अक्षर त्याने पाहिलेलं असतं ते फार तर देवळाच्या भिंतीवर. म्हणून घरात मराठी वाचणारा जो कोणी असेल, भाचा, मेहुणा, शेजारी, घरमालक, त्याने हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा. मध्ये थांबून समजावून सांगावा. घाई नाही.

मी जळगावात शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. शाळा सिंधी कॉलनीपासून सायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर. त्यामुळे अर्ज भरून द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. संध्याकाळी दारात कोणीतरी उभं राहतं, हातात कापड दुकानाची पिशवी, पिशवीत अख्ख्या घराचे कागद. "सर, जरा बघता का?" इतक्या वर्षांत ज्या चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी हे ठरवा: जळगावच का?

घर सोडून पळालेला माणूस नकाशा बघून गाव निवडत नाही. तो ओळखीच्या माणसाचा पत्ता शोधतो. तरी थोडं मागे जाऊन बघा, म्हणजे तुमच्या आधी आलेल्यांनी काय केलं ते कळेल.

1947 मध्ये पंजाब आणि बंगाल निम्मे निम्मे झाले. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी माणसाला निदान अर्धा पंजाब तरी होता, सिंधी हिंदूला आपली भाषा बोलणारा एकही जिल्हा भारतात नव्हता. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि लोक बोटीत बसले. कोणी मुंबईला उतरलं, कोणी ओख्याला, कोणी पोरबंदरला. सरकारने त्यांना महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या छावण्यांत ठेवलं. कल्याणच्या छावणीचं उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात युद्धाच्या काळात पोलंडमधून आलेले निर्वासित राहत होते. ते गेले आणि त्याच वस्तीत सिंधी आले, आज आपण तिला गांधीनगर म्हणतो. कच्छच्या महारावांनी 15,000 एकर जमीन दिली, तिथे गांधीधाम उभं राहिलं.

हे झालं सरकारने उतरवलेलं. कायमचं बस्तान कुठे बसवायचं हे मात्र लोकांनी स्वतः ठरवलं. छावणीत दुकान थाटून किती जणांचं भागणार? मग रेल्वेच्या रस्त्याने एकेक जण पुढे सरकला. आपल्या खान्देशात बघा: जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे. स्टेशन आहे, कापसाचा पैसा आहे, बाजाराचा दिवस आहे. जळगावचं कंवरनगर आणि धुळ्याचं कुमारनगर अशीच वसली. कंवरनगरला नाव आहे संत कंवररामांचं. 1939 च्या नोव्हेंबरमध्ये सिंधमधल्या रुक स्टेशनवर त्यांना गोळ्या घालून मारलं होतं. म्हणजे फाळणीच्या आठ वर्षं आधीची जखम लोकांनी वस्तीच्या नावात सोबत आणली.

त्यानंतरही लोक येत राहिले. 1965 चं युद्ध, 1971 चं युद्ध, 1992 च्या डिसेंबरनंतर तिकडे मंदिरांवर झालेले हल्ले, दर वेळी नवी माणसं. 1971 ला सिंधच्या थारपारकर जिल्ह्यातून आलेले बहुतेक बाडमेर-जैसलमेरकडे राहिले. पुढे 2006 मध्ये पाकिस्तानातून येणारी थार एक्स्प्रेस गाडी सुरू झाली, ती जोधपूरला यायची, 2019 मध्ये बंद पडेपर्यंत. जोधपूरला गेलेल्यांत भिल्ल, मेघवाळ अशी शेतीवर राबणारी माणसं जास्त. त्यांची ढाटकी बोली तिकडे समजते, शेतात काम मिळतं. इंदूर, रायपूर, नागपूर, उल्हासनगर, जळगाव इकडे आला तो जास्त करून दुकानदारी करणारा सिंधी.

तेव्हा जळगावचं तिकीट काढण्याआधी स्वतःला विचारा. इथे तुमचा सख्खा कोण आहे, जो पोलिसांसमोर तुमच्यासाठी सही करेल? तुमच्या हाताला कोणतं काम येतं? घरात भाषा कोणती? तुम्ही शेतमजूर असाल, ढाटकी बोलत असाल आणि खान्देशात एकही नातेवाईक नसेल, तर मी सरळ सांगतो, जोधपूर बरं. इथे एकटे पडाल. याउलट मावसभाऊ फुले मार्केटमध्ये दुकान चालवत असेल, तर दुसरीकडे जाऊ नका. पहिल्या वर्षभरात त्याची ओळख जे करेल ते कोणतीही योजना करणार नाही.

अजून एक गोष्ट लोक फार उशिरा विचारतात: आपला जिल्हा कोणता? 2016 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने 16 जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यात महाराष्ट्रातले चार: मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर. 2021 मध्ये आणखी 13 जिल्ह्यांची यादी आली, तिच्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. जळगाव दोन्ही याद्यांत नाही, धुळे नाही, नंदुरबारही नाही. हे कळल्यावर काही घरांनी गाशा गुंडाळून ठाणे-नागपूर गाठायचं ठरवलं. मी त्यांना थांबवलं आणि तुम्हालाही थांबवेन. जिल्हा बदलला की भाडेकरार नवा, पोलीस चौकशी नवी, मुलांची शाळा नवी, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. तेवढ्यात इथलं काम पुढे सरकलं असतं.

पहिले 24 तास

पाकिस्तानी पासपोर्टवर आलेल्या माणसाने पोहोचल्यापासून 24 तासांत पोलिसांकडे नोंद करायची असते. जळगावसारख्या जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे असते, म्हणजे एसपी ऑफिसात, तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात नव्हे. व्हिसावर ज्या गावांची नावं लिहिली असतील तिथेच राहता येतं. व्हिसा अमळनेरचा आणि मुक्काम जळगावला, असं करू नका.

घरमालकांसाठी: परदेशी माणूस तुमच्या घरी उतरला की 24 तासांत त्याची माहिती पोलिसांना द्यायची जबाबदारी तुमची आहे. पूर्वी याला सगळे सी फॉर्म म्हणायचे. "पाहुणाच आहे, दोन दिवसांनी बघू" असं म्हणून मोकळे होऊ नका. गोत्यात तुम्हीही याल आणि तोही.

फाईल

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

बाजारातून जाड पुठ्ठ्याची, दोरीची फाईल आणा. घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी. मूल तान्हं असलं तरी त्याची वेगळी. पहिला कागद पासपोर्टची झेरॉक्स, सगळ्या पानांची, कोऱ्या पानांसकट. त्यामागे व्हिसा, आल्याचा शिक्का, पोलिसांकडची नोंद. मग तिकडून आणलेलं जे काही असेल ते: शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, ओळखपत्र, जमिनीचा कागद. उर्दू-सिंधीतल्या कागदाचं भाषांतर करून नोटरीकडून साक्षांकित करून घ्या आणि मूळ कागदाच्या पाठीमागेच लावा.

मुदत संपलेला पासपोर्ट फेकायचा नाही. हे मी ओरडून सांगतो. एका घरात आजीने "आता याचा काय उपयोग" म्हणून जुने पासपोर्ट ट्रंकेच्या तळाशी कागद म्हणून अंथरले होते, वर रजया. आम्ही तिघांनी मिळून ती ट्रंक उपसली. खालचे पासपोर्ट ओलीने चिकटले होते, पण शिक्क्याचं पान शाबूत होतं. नागरिकत्वाच्या 2024 च्या नियमांत स्पष्ट आहे की अशी कागदपत्रं मुदत संपलेली असली तरी चालतात. त्या एका शिक्क्यावर पाच माणसांचे अर्ज उभे राहिले.

आता नावाचं बघा. सिंधमधल्या हिंदूंच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा आडनाव नसतं. मुलाचं नाव सुनील कुमार, बापाचं अशोक कुमार. इकडे महाराष्ट्रात प्रत्येक फॉर्मला स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने. समोरचा माणूस विचारतो, "आडनाव?" आणि घरचे सांगतात घराण्याचं आडनाव, जे कोणत्याच पाकिस्तानी कागदावर नाही. झाले दोन माणसं तयार! पासपोर्टवर एक सुनील, शाळेच्या दाखल्यावर दुसरा.

ही चूक मी स्वतः केली आहे. प्रवेशाच्या गर्दीत एका मुलाच्या बापाला आडनाव विचारलं, त्याने सांगितलं ते हजेरीपटावर लिहिलं, पासपोर्ट मागितला नाही. दहा-अकरा वर्षांनी तोच मुलगा दाढी-मिशी फुटलेला माझ्या दारात आला, हातात माझ्याच अक्षरातल्या नोंदीवरून काढलेला दाखला. नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडला होता. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, पुन्हा अर्ज. तो पोरगा मला एक शब्दही वाईट बोलला नाही, उलट पाया पडला. मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून माझा नियम ठरलाय: पासपोर्टवर जे आहे, जसं आहे, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे. आडनाव लावायचंच असेल तर नागरिकत्व मिळाल्यावर कायदेशीरपणे लावा.

जन्मतारखेचंही तसंच. आईला वाटतं पोरगा पावसाळ्यातला, पासपोर्ट म्हणतो 1 जानेवारी. पासपोर्टचं ऐका.

इथे आल्यावर जे जे मिळेल तेही फाईलमध्ये लावा, कारण तुम्ही इथे कधीपासून राहता हे त्यावरून सिद्ध होतं. वीजबिल, भाडेकरार, बँकेचं पासबुक, मुलाच्या शाळेचा दाखला, इथे जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला, दुकानाचा परवाना. दर वर्षाचा एक तरी कागद असू द्या. मध्ये दोन वर्षांची पोकळी राहिली की प्रश्न सुरू होतात.

दीर्घ मुदतीचा व्हिसा

सगळे याला एलटीव्ही म्हणतात, मीही तेच म्हणतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेश या तीन देशांतून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना तो मिळतो. अर्ज ऑनलाइन, चौकशी पोलिसांची. अर्जात इथल्या माणसाची हमी लागते, तेव्हा वर विचारलेला सख्ख्याचा प्रश्न इथे उपयोगी पडतो.

एलटीव्ही हातात आला की काय करता येतं? 2016 पासून बँकेत खातं उघडता येतं, पॅन, आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढता येतं, स्वतःचा धंदा करता येतो, राहण्यापुरतं एक घर आणि धंद्यापुरती एक जागा घेता येते. ज्या राज्यात राहता त्या राज्यात मोकळं फिरता येतं.

या शेवटच्या वाक्यावर थांबा. राज्यात. खान्देशात राहणाऱ्याला याचा अर्थ नीट कळायला हवा, कारण आपण दोन राज्यांच्या कडेला बसलोय. रावेरहून बऱ्हाणपूर म्हणजे आपल्याला शेजारचं गाव, पण ते मध्य प्रदेश. नवापूरच्या स्टेशनात तर फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. आणि कापडाचा धंदा करणारा माणूस माल भरायला जाणार कुठे? सुरतेला. सकाळची गाडी धरली, दुपारी माल बघितला, रात्री परत. इतकं सवयीचं आहे की आपण परराज्यात गेलो हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तुम्ही ध्यानात ठेवा. परवानगीशिवाय जाऊ नका. सुरुवातीला सुरतेची खरेदी नागरिकत्व असलेल्या भावाला करू द्या, तुम्ही गल्ल्यावर बसा. बऱ्हाणपूरला लग्न असेल तर आधी एसपी ऑफिसात अर्ज द्या आणि त्याची पोच फाईलला लावा.

एलटीव्हीची मुदत संपण्याच्या चार-सहा महिने आधीच वाढवण्याच्या तयारीला लागा. मध्ये खंड पडला तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात "कायदेशीर वास्तव्य" मोजताना तो खड्डा दिसतो.

22 एप्रिल 2025 ला पहलगामला हल्ला झाला आणि दोनच दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. अटारीच्या सीमेवरचा रस्ता बंद झाला. त्या आठवड्यात माझा फोन रात्री बारापर्यंत वाजत होता. एक बाई उशाखाली फाईल घेऊन झोपत होती, पोलीस आले तर लगेच दाखवता यावी म्हणून. सरकारने तेव्हा स्पष्ट केलं की हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले एलटीव्ही कायम आहेत. ज्यांचे कागद पूर्ण होते ते तेवढ्यावर निभावले. ज्यांनी एलटीव्हीचा अर्ज "करू, करू" म्हणत लांबवला होता आणि साध्या व्हिसावरच राहत होते, त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. अर्ज लांबवू नका.

दोन तारखा, ज्यांची सगळे गल्लत करतात

31 डिसेंबर 2014 आणि 31 डिसेंबर 2024.

पहिली तारीख नागरिकत्वाची. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानुसार वर सांगितलेल्या तीन देशांतले, सहा समाजांतले लोक 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आले असतील, तर त्यांना वेगळ्या रस्त्याने नागरिकत्व मिळतं. एरवी 11 वर्षांच्या वास्तव्याची अट असते, ती त्यांच्यासाठी 5 वर्षांवर आणली आहे. याचे नियम 11 मार्च 2024 ला आले.

दुसरी तारीख फक्त राहण्याची. 1 सप्टेंबर 2025 ला परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा लागू झाला. त्यासोबतच्या आदेशात म्हटलं की याच लोकांपैकी जे 31 डिसेंबर 2024 पर्यंत आश्रयाला आले आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत किंवा कागदांची मुदत संपली आहे, त्यांच्यावर त्यासाठी कारवाई होणार नाही. यात नागरिकत्वाचा शब्द नाही. पण बाजारात बातमी पसरली, "तारीख दहा वर्षं पुढे गेली, आता सगळ्यांना मिळणार." या बातमीवर पैसे उकळणारे एजंट मी पाहिले आहेत. 2018 ला आलेल्या एका कुटुंबाने अशाच एकाला दागिना मोडून पैसे दिले. तो परत दिसला नाही.

तुम्ही 2014 नंतर आला असाल तर नेहमीचा रस्ता आहेच. आईवडील फाळणीआधीच्या अखंड भारतात जन्मलेले असतील किंवा तुम्ही स्वतः तसे असाल, तर 7 वर्षं कायदेशीर राहिल्यावर नोंदणीने अर्ज करता येतो. भारतीय नागरिकाशी लग्न झालं असेल तरी 7 वर्षं. आईवडिलांपैकी कोणी पूर्वी स्वतंत्र भारताचं नागरिक असेल तर 12 महिने पुरतात. यातलं काहीच लागू नसेल तर लांबचा, 11 वर्षांवर आणखी सलग एका वर्षाचा रस्ता. या सगळ्या रस्त्यांवर एलटीव्ही अखंड लागतो.

या सहा समाजांत न बसणाऱ्या, दुसऱ्या कोणत्या देशातून जीव वाचवून आलेल्या माणसासाठी आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदा नाही. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. अफगाणिस्तान, म्यानमारमधून आलेल्यांनी दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे नोंद करावी, आणि खान्देशात एकटं राहण्यापेक्षा आपली माणसं असतील तिथे राहावं. त्यांचंही दुःख तेवढंच आहे, म्हणून हे चार शब्द.

एक काम कधीही करू नका

कोणी म्हणेल, "इतके पैसे द्या, मतदार ओळखपत्र काढून देतो." घेऊ नका. नागरिक नसताना मतदार यादीत नाव घालणं गुन्हा आहे आणि पुढे तुमच्या खऱ्या अर्जावर तो दगड होऊन पडतो. आधार वेगळं, ते इथे राहणाऱ्याला मिळतं, त्याने कोणी नागरिक होत नाही. तुम्ही परदेशी नागरिक आहात हे कोणत्याही फॉर्मवर लपवू नका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पोटाचं काय

जळगावात काम मिळतं. फुले मार्केटमध्ये कापड आणि कटलरीची दुकानं आहेत, एमआयडीसीत दाळ मिल आहेत, चटईचे आणि प्लॅस्टिक पाइपचे कारखाने आहेत. सोन्याच्या बाजाराचं नाव तर देशभर आहे, पण तिथे नवख्याला कोणी लगेच आत घेत नाही, भरवसा बसायला वर्षं लागतात. बायकांनी पापड, कोकी, दाल-पकवान घरून सुरू केलं आणि चाललं, अशी घरं मला माहीत आहेत. पहिलं वर्ष नातेवाइकाच्या दुकानात हाताखालचा गडी म्हणून काढा. इथला गिऱ्हाईक कसा भाव करतो, उधारी कधी फेडतो, कपाशीचे पैसे हातात आल्यावर बाजार कसा उठतो, हे बघून घ्या. मग स्वतःचं शटर.

बँकेत साधं बचत खातं मागू नका, तुमचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या खात्याच्या, प्रकारचं असतं, तेही एकच. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर शांतपणे मॅनेजरला भेटा.

तिकडे डॉक्टर होता? 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2014 पर्यंत आलेल्या अशा डॉक्टरांसाठी अर्जाची वाट उघडली होती, तिची आजची स्थिती आयोगाकडे विचारा. तोवर दवाखाना उघडू नका, औषध देऊ नका.

मुलं

जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलंय, आणि मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवायचं हेही. मोठ्या मुलाला देवनागरी येत नाही म्हणून पहिलीत बसवायचा आग्रह कोणी धरला तर मुख्याध्यापकांना हे नम्रपणे सांगा. अकरा वर्षांचा पोरगा सहा वर्षांच्या पोरांत बसला की महिनाभरात शाळा सोडतो.

मुलाला मराठी शिकवा. शाळेत ती सक्तीची आहेच, मी त्याबद्दल बोलत नाही. सिंधीतून लिहायची सवय असलेल्या मुलाचा हात उजवीकडून डावीकडे जातो. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, पाटीवर "कमळ" लिहायला सांगितलं तर ती आधी ळ काढायची, मग त्याच्या डावीकडे म, मग क. वाचून बघितलं तर शब्द बरोबर! मी तिला चूक दिली नाही. दोन महिन्यांत तिने स्वतःच दिशा बदलली.

आणि हे ऐकून बऱ्याच आईबापांना धक्का बसतो: तुम्ही दोघंही पाकिस्तानी नागरिक असताना मूल जळगावच्या दवाखान्यात जन्मलं, तरी ते जन्माने भारतीय होत नाही. 1 जुलै 1987 पासून तसा नियम आहे. जन्माची नोंद महापालिकेत वेळेत करा आणि बाळाचाही एलटीव्हीचा अर्ज भरा.

शेजार

खान्देशातली माणसं बोलायला रोखठोक, पण एकदा आपलं म्हटलं की दार लावत नाहीत. मोठ्या माणसाला आबा, नाना, अप्पा म्हणा, बरोबरीच्याला भाऊ, त्याच्या बायकोला वहिनी. शेजारीण तुम्हाला थंडीत भरिताची वाटी आणि कळण्याची भाकरी देईल. वाटी रिकामी परत करू नका, साई भाजी घालून द्या. मी ज्या गल्लीत राहतो तिथे एका सिंधी आजीला सगळे अदी, म्हणजे ताई, म्हणतात, तिने शिकवलं म्हणून. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आणि वर्सीला, म्हणजे संतांच्या पुण्यतिथीला, कंवरनगरात जा, तिथे तुमच्या गावाकडचं कोणी ना कोणी भेटेलच.

उन्हाळ्याची काळजी जेकबाबाद-सख्खरच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात जळगाव 45 अंशांवर जातं, तुम्ही त्याहून वाईट पाहिलंय.

नागरिकत्वाचा अर्ज आणि त्यानंतर

2014 पर्यंत आलेल्यांचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर भरायचा. जिल्ह्याच्या समितीचे प्रमुख टपाल अधीक्षक असतात. होय, पोस्टाचे. लोक कलेक्टर कचेरीत चकरा मारतात आणि पत्र येतं पोस्टाकडून. बोलावलं की स्वतः मूळ कागद घेऊन जायचं, भाऊ किंवा वकील गेलेला चालत नाही. सारखे गैरहजर राहिलात तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तिथेच निष्ठेची शपथ घ्यावी लागते. स्थानिक नामांकित समाजसंस्थेचं पात्रतेचं पत्र लागतं, ते आधीच घेऊन ठेवा. अंतिम निर्णय राज्याच्या पातळीवरची समिती घेते.

अर्जात भाषेची अट आहे आणि तिला घाबरून म्हातारी माणसं अर्जच करत नाहीत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा यायला हवी, बोलता आली तरी पुरतं. सिंधी 1967 पासून त्या अनुसूचीत आहे. आजी, तुम्ही पाळण्यात शिकलात तीच भाषा चालते.

या रस्त्याने प्रमाणपत्र मिळालं की तुम्ही भारतात पाऊल ठेवलं त्या तारखेपासून नागरिक मानले जाता, आणि बेकायदा राहिल्याबद्दल काही खटला चालू असेल तर तो बंद होतो. प्रमाणपत्राच्या पाच झेरॉक्स काढा. एक एसपी ऑफिसात द्या आणि परदेशी नागरिक म्हणून असलेली नोंद बंद करून घ्या. बँकेत जाऊन एनआरओ खातं साध्या खात्यात बदलून घ्या. अल्पवयीन मुलांचे अर्ज लगेच भरा. आणि मतदार नोंदणीचा नमुना 6 भरा, ऑनलाइन किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे. त्यावर नाव लिहिताना फाईल उघडून समोर ठेवा आणि प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा.